परत परत यायला जमणार नाही

मंगळवार

काल काहीच लिहिलं नाही. कालचा दिवस कुठे सुरू झाला आणि कुठे संपला हेच मला अजून नीट सांगता येत नाही.

भावजयीला सातवा नुकता लागला होता. सकाळी कपडे वाळत घालता घालता तिने दोरी धरली आणि तिथेच खाली बसली. धाकट्याने, म्हणजे माझ्या भावाने, खाणीतली जीप काढली. जवळच्या दवाखान्यात पोचलो तर तिचा रक्तदाब इतका चढलेला की डॉक्टरांनी विचारत बसायलासुद्धा वेळ घेतला नाही. पोट कापून मुलगी काढली. मुलगी कसली, ओंजळभर जीव. डॉक्टर म्हणाले, हिला इथे ठेवून उपयोग नाही, मोठ्या हॉस्पिटलात न्या. ॲम्ब्युलन्समध्ये घरच्या एकालाच जागा होती. इकडे आई शुद्धीवर नाही, तिकडे लेक श्वास घेईना. धाकटा दोन्हीकडे बघत नुसता उभा. शेवटी म्हणाला, "ताई, तू जा. तिकडे बोलणारं माणूस पाहिजे."

ते मात्र खरं आहे. मी खाणीच्या वजनकाट्यावर बसते. रिकामा ट्रक तोलायचा, खडी भरून आला की पुन्हा तोलायचा, वजाबाकी करून चिठ्ठी द्यायची. सगळे मला वकीलबाई म्हणतात. वस्तीत वीज येत नव्हती तेव्हा कचेरीच्या खिडकीपाशी जाऊन रडलं कोण? मी. धाकट्याचा पाय दगडाखाली सापडला तेव्हा भरपाई कोणी काढली? मी. या कामाची युक्ती सोपी आहे. आपण किती लांबून आलो, किती हाल काढले, परत येणं कसं अशक्य आहे, हे खिडकीतल्या माणसाला जेवायच्या सुट्टीआधी सांगायचं. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, मग सरकारी माणूस कशाला हलेल?

इथेही आज तेच उपयोगी पडलं. गेटवरचा माणूस म्हणे, आत फक्त आईबापांना सोडतो. मी म्हटलं, "दादा, डोंगर ओलांडून आलेय, पोटात अन्न नाही, हिची आई मरणाच्या दारात आहे." सोडलं.

मुलगी काचेच्या पेटीत आहे. नाकात नळी, पायाला तार, डोळ्यांवर पट्टी. आमच्या काट्यावर असल्या वीस मुली ठेवल्या तरी आकडा जागचा हलायचा नाही. मी खूप वेळ बघत बसले. ती तोंड उघडते, चेहरा रडवेला करते, पण आवाज येत नाही. सिस्टर म्हणाली, नळीमुळे. मला ते फार विचित्र वाटलं. आमच्या घराण्यात आवाज नसलेलं माणूस आजवर झालेलं नाही.


बुधवार

मुलीला नाव मिळालं. काट्यावरून ड्रायव्हरचा फोन आला होता. म्हणाला, "वकीलबाई, खडीच्या गावात खडीसाखर आली म्हणे." मला हसू आलं आणि मग रडू आलं. तर सध्या खडीसाखर.

दुपारी गळ्यात ओळखपत्र घातलेली एक मुलगी आली. वयाने फार नसेल, पण बोलणं मऊ, हातात कागद. मला 'मावशी' म्हणाली. मी म्हटलं, मी मावशी नाही, आत्या आहे. ती हसली आणि पुन्हा मावशीच म्हणाली. ती डॉक्टर नाही, सिस्टरही नाही, अभ्यासाचं काम बघते असं म्हणाली. मी तिला अभ्यासबाई म्हणते.

तिने सांगितलेलं मला जेवढं कळलं तेवढं लिहून ठेवते. लवकर जन्मलेल्या मुलांची फुप्फुसं कच्ची असतात. त्यांच्यासाठी एक नवीन औषध आहे, ते चालतं का हे इथे बघतायत. अर्ध्या मुलांना औषध देणार, अर्ध्यांना त्याच रंगाचं साधं मिठाचं पाणी. कोणाला काय हे कॉम्प्युटर ठरवणार, आणि देणाऱ्या डॉक्टरांनाही ते माहीत नसणार. बाकीचे उपचार सगळ्यांना सारखेच. मुलगी जन्मल्यापासून पाच दिवसांत सुरू करावं लागतं. आईची किंवा बापाची सही लागते, आत्याची चालत नाही.

मी म्हटलं, "म्हणजे जुगार झाला की."

"नाही मावशी. खरंच कोणालाच माहीत नाही औषध चांगलं आहे का. म्हणून तर बघायचं."

"माहीत नाही तर देता कशाला? आणि चांगलं असलं तर अर्ध्यांना पाणी का पाजता?"

तिने पुन्हा पहिल्यापासून समजावलं. दोन्ही वेळा पटलं आणि दोन्ही वेळा ती थांबल्यावर डोक्यातून निघून गेलं. पण एवढं कळलं की इथे काहीतरी वाटलं जातंय आणि ते सगळ्यांना मिळत नाही. असं असलं की माझे कान टवकारतात.

मग तिने विचारायला सुरुवात केली. घर किती लांब? कसे येता? फोन लागतो का? घरी सोडल्यावर दोन वर्षं तपासायला आणावं लागेल, आधी पंधरा दिवसांनी, मग महिन्याने, जमेल का?

मी पदर खोचला. म्हटलं, बाई, लांबचं काय विचारता, जगाच्या टोकाला राहतो आम्ही. डोंगर आडवा, पाऊस पडला की रस्ता वाहून जातो, मग चार-चार दिवस बाहेर निघता येत नाही. फोनला रेंज नाही. बाप रोजावर दगड फोडतो, एक दिवस आला तर एक दिवस चूल बंद. आई अंथरुणाला खिळलेली. मी ही अशी एकटी बाईमाणूस. परत परत यायला जमणार नाही हो, काय ते आत्ताच करून टाका. हात जोडले. डोळ्यांत पाणी आपोआप आलं, ते काही खोटं नव्हतं.

खरं सांगायचं तर बस दिवसातून दोनदा आहे, चार तासांत आणून सोडते, आणि मला खिडकीपाशी बसून झोप छान लागते. रस्ता वाहून गेला होता, पण तो धाकट्याच्या लग्नाच्या वर्षी. फोन काट्याच्या खोलीत खणखणीत लागतो. मालक सुट्टी देतात, तोंड वाकडं करतात, पण देतात. पण खिडकीपाशी हे असं कोणी सांगतं का?

अभ्यासबाई ऐकता ऐकता लिहायची थांबली. पेनाला टोपण लावलं. माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "तुमचे खूप हाल होतायत, मावशी." मनात म्हटलं, विरघळली पोरगी. काम झालं.


गुरुवार

धाकट्याला सकाळी फोन केला. भावजय शुद्धीवर आली, देवाची कृपा. तिची आई आज संध्याकाळपर्यंत तिच्याजवळ पोचेल, मग धाकटा सकाळच्या बसने निघेल. उद्या पाचवा दिवस. त्याला म्हटलं, सहीपुरता ये, बाकीचं मी जमवलंय.

पण जमलंय की नाही तेच कळेना. शेजारच्या पेटीत एक मुलगा आहे. त्याची आई गुलाबी शाल पांघरून बसते. शिकलेली, हळू बोलणारी, मला स्वतःच्या डब्यातलं देते. आज अभ्यासबाई तिच्याकडे येऊन गेली, सह्या झाल्या, त्यांच्या मुलाला घेतलं. माझ्याकडे बघून नुसती मान हलवली आणि गेली.

मी गुलाबी शालवालीला विचारलं, "तुम्ही तिला काय सांगितलंत?"

"काही नाही हो. तिने विचारलं घर कुठे, मी म्हटलं समोरच, रस्ता ओलांडला की. म्हणाली, मग सोपं आहे."

मला काही उमजेना. समोर राहणाऱ्याला कसली अडचण? नवरा बँकेत, घर समोर, गाडी दारात. जो पाण्यात बुडतोय त्याला आधी दोर टाकायचा की काठावर उभ्या असलेल्याला? मला आधी वाटलं ओळख लावली असेल. पण तिच्याकडे पाहून तसं वाटत नाही. बाई साधी आहे.

मग वाटलं, आपलंच रडणं कमी पडलं.

संध्याकाळी जिन्यात अभ्यासबाईला गाठलं. आदल्या दिवशी राहून गेलेलं सगळं सांगितलं. धाकट्याचा पाय अधू आहे, हे. मला चक्कर येते, हे. मला चक्कर कधी येत नाही. म्हटलं, इतक्या लांबून आम्ही पुन्हा कधी येणार, बाई, आमच्याकडे बघा जरा.

ती कानकोंडी झाली. म्हणाली, "मावशी, म्हणूनच तर. एवढं ओझं आम्ही तुमच्यावर कसं टाकणार? ते बरोबर होणार नाही. बाळाचे बाकीचे उपचार सगळे नीट होतील, काळजी करू नका."

ओझं टाकणार नाही म्हणाली. म्हणजे नंतरच्या फेऱ्या माफ. मी तिला दहा आशीर्वाद दिले. ती बिचारी खाली मान घालून भराभर जिना उतरून गेली.

मला हलकं वाटायला हवं होतं. ते का वाटत नाहीये?


शुक्रवार

आजचं आजच लिहिते. नाहीतर उद्या मीच यातलं काहीतरी बदलून स्वतःला सांगीन.

धाकटा दुपारी आला. हातात पाण्याचा थर्मास, आत बर्फ, बर्फात छोटी बाटली, बाटलीच्या तळाशी चार चमचे दूध. भावजयीने पडल्या पडल्या काढून दिलं होतं. चार तास त्याने तो थर्मास मांडीवर धरला, शेजारच्याला खिडकी उघडू दिली नाही. सिस्टरने दूध पाहिलं, चालेल म्हणाली आणि त्यातलं थोडं नळीतून सोडलं. खडीसाखर रडली नाही, मागितलं नाही, तरी दूध पोचलं. मी ते बघत होते, पण तेव्हा माझ्या डोक्यात काही शिरलं नाही.

मग आम्ही अभ्यासबाईकडे गेलो. धाकट्याने खिशाला पेन लावून आणलं होतं. सही करायला इतका आतुर माणूस मी पाहिला नाही.

ती उभी राहिली. म्हणाली, "मी ताईंना... मावशींना सांगितलं होतं. तुमच्या बाळाला यात घेता येत नाहीये."

"का?" धाकट्याने विचारलं.

"नंतर दोन वर्षं येणं व्हायलाच हवं. मूल आलंच नाही तर औषधाने बरं झालं की वाईट झालं, हे आम्हाला कळणारच नाही. आणि काही त्रास झाला तर तुम्ही वेळेवर पोचायला हवं. तुम्हाला ते शक्य नाही."

"कोण म्हणालं शक्य नाही? बस आहे की सकाळ-संध्याकाळ. फोन आहे. आमची ताई आणेल, मी आणीन."

अभ्यासबाईने माझ्याकडे पाहिलं. धाकट्यानेही पाहिलं. जिना, टोपण, तिची खाली घातलेली मान, सगळं एकदम उलटं फिरून माझ्यासमोर उभं राहिलं. दोन दिवस मी जिवाच्या आकांताने दार ठोठावत होते आणि प्रत्येक ठोक्याला तेच दार मीच लोटून बंद करत होते.

मी म्हटलं, "खोटं बोलले मी. म्हणजे खोटं नव्हे, तसं बोलतात. सगळीकडे तसंच बोलतात. वजनकाट्याच्या खोलीत फोन खणखणीत लागतो हो. रस्ता पक्का आहे. मला चक्कर येत नाही."

ती रडवेली झाली. "मावशी, आता मी यातलं कुठलं खरं धरू?"

जोडायला उचललेले हात मी खाली घेतले.

तरी ती मोठ्या डॉक्टरांकडे गेली, आम्हाला दाराशी उभं करून. बाहेर आली ती कागद छातीशी धरून. म्हणाली, नियम दोन तासांच्या वाटेचा आहे. चार तासांच्या वाटेला वरून परवानगी घ्यावी लागते. आधी एका बाळासाठी मिळाली होती, एकासाठी नाही. परवा खरं कळलं असतं तर विचारून पाहिलं असतं. आता मुदत आज संध्याकाळची, आणि वरचे लोक सोमवारी येतात.

म्हणजे मी खरं बोलले असते तरी कदाचित नाहीच मिळालं असतं. किंवा मिळालं असतं. घर दोन तासांवर असतं तर कोणी काही विचारलंच नसतं. खाण जिथे आहे तिथे आहे, दगड काही शहराजवळ उगवत नाही. पण चार तासांचे चार दिवस मी केले, खाणीने नाही.


शनिवार

धाकटा रागावला असता तर बरं झालं असतं. तो पेटीजवळ बसून राहिला. काचेतल्या भोकातून आत बोट घातलं, तिने ते धरलं. इतकं छोटं धरणं.

मी म्हटलं, "बोल ना मला काहीतरी."

"काय बोलू, ताई? काल गेटवर मी पण तेच म्हटलं. लांबून आलोय, परत येता येणार नाही. वेळ संपली होती तरी त्याने सोडलं. मला विचारलं असतं तर मी पण तेच सांगितलं असतं तिला."

हे ऐकून मी जास्तच गोंधळले. तेच वाक्य, तेच हॉस्पिटल. गेटवर दार उघडतं आणि वरच्या मजल्यावर बंद होतं. माणसाने ओळखायचं कसं, आपण कुठल्या मजल्यावर उभे आहोत?

गुलाबी शालवालीला सगळं कळलं. म्हणाली, "अहो, आधी बोलला असतात तर मी म्हटलं असतं आमच्याकडे उतरत जा, वरची खोली रिकामीच असते." तिचा हेतू चांगला होता. मी तोंड धुवायला म्हणून उठून गेले.

धाकटा रिकामा थर्मास घेऊन संध्याकाळच्या बसने परत गेला. उद्या पुन्हा दूध आणणार आहे. येणं जमत नाही म्हणे आम्हाला.


सोमवार (मध्ये बरेच दिवस गेले)

लिहावंसं वाटत नव्हतं. आता भावजय इथे आली आहे, खाली व्हरांड्यात तिची पथारी आहे. तिला मी सांगितलं. न सांगता तिच्या हातचा चहा घशाखाली उतरेना. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, "वन्सं, तुम्ही नसतात तर ती ॲम्ब्युलन्समधून एकटीच आली असती." एवढंच म्हणाली आणि दूध काढायला निघून गेली. माफ केलं की नाही, कळलं नाही. विचारायची हिंमतही नाही.

शेजारच्या मुलाची नळी आधी निघाली. खडीसाखरेच्या नळीतली हवा मधेच एकदा वाढवावी लागली, दोन दिवस डॉक्टर आमच्याशी धड बोलत नव्हते. मग तीही हळूहळू सुधारली. मी रोज त्या मुलाकडे बघत होते. आपल्या पोरीकडे बघावं तर नजर शेजारी जाते, ही कसली सवय लागली मला.

आज अभ्यासबाईला सरळ विचारलं. "खरं सांग, त्या पोराला औषध मिळालं की पाणी?"

"मला माहीत नाही मावशी. डॉक्टरांनाही नाही. शेवटच्या मुलाची दोन वर्षं पूर्ण झाली की कोणाला काय मिळालं ती यादी उघडणार. कदाचित औषधाचा उपयोग नसेलही. कदाचित तो मुलगा वजनाने जास्त होता म्हणून त्याची नळी आधी निघाली."

"मग मी हिचं काय घालवलं? औषध घालवलं की पाणी घालवलं?"

ती म्हणाली, "तेही कळणार नाही."

आयुष्य काट्यावर गेलं माझं. रिकामी गाडी तोलायची, भरलेली तोलायची, मधला फरक तो माल. इथे माझ्या हातून काहीतरी मोठं सांडलं, एवढं नक्की. पण ते मणभर होतं की नुसती हवा, हे तोलायला कुठे काही ठेवताच येत नाही. नुकसान कळलं तर माणूस रडेल तरी. मी रडायचं की सुटले म्हणायचं, हेच कळत नाही.


गुरुवार

आज सोडलं. नळी निघाल्यापासून खडीसाखरेला आवाज फुटलाय. मांजरीच्या पिलाएवढा आहे, पण आहे.

कागद घ्यायला वर गेले तर अभ्यासबाईच्या टेबलापाशी एक म्हातारा उभा. नातू पेटीत आहे म्हणाला. अंगावर रात्रीच्या प्रवासाची धूळ. तिने विचारलं, "घर किती लांब आहे, आजोबा?" म्हाताऱ्याने हात जोडले, आवाज ओला केला आणि सुरू झाला, "काय सांगू बाई, आम्ही फार लांबची माणसं, परत परत यायला काही..."

मी त्याचा दंड धरला. "आजोबा, थांबा. रडू नका. हिने जेवढं विचारलं तेवढंच सांगा. बस आहे का?"

म्हातारा गडबडला. "आहे की. रोज आहे."

"किती वेळ लागतो?"

"तीन तास. कधी साडेतीन."

"बाळाला आणणारं घरात कोणी आहे?"

"मी आहे. रिकामाच असतो."

"मग असंच सांगा. आणि परवानगी आजच मागायला लावा, उद्यावर नको."

अभ्यासबाईने माझ्याकडे पाहिलं. मग तिने पेनाचं टोपण काढलं. मी बरं केलं की वाईट, देव जाणे. त्या पोरालाही पाणीच मिळायचं कदाचित.

खाली साध्या तपासणीची खिडकी आहे. डोळे, कान, फुप्फुसं, पंधरा दिवसांनी दाखवायचं. आतल्या माणसाने मान वर न करता विचारलं, "लांबून येता ना तुम्ही? परत परत यायला..."

"जमेल," मी म्हटलं. त्याचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही.

बसमध्ये भावजय खिडकीपाशी बसली, मी शेजारी, खडीसाखर माझ्या मांडीवर. गाडी हलली आणि तिने जे भोकाड पसरलं ते थांबेना. पुढच्या सीटवरचा माणूस दोनदा मागे वळला. तिसऱ्यांदा म्हणाला, "अहो, गप्प करा की तिला. चार तास काढायचेत अजून."

भावजय तिला घ्यायला लागली. मी म्हटलं, राहू दे. आणि त्या माणसाला म्हटलं, "दादा, सवय करून घ्या. दर पंधरा दिवसांनी आहोत आम्ही या बसला."